पुण्याच्या वाटेवरचे ७ मीटर ३८ सेंटिमीटर

सांताक्रूझ स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि रुळांकडे बघा. लोकलच्या छतांवरून ती तार गेली आहे ना, तिच्यात २५,००० व्होल्ट आहेत! मुंबईत १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हा हा आकडा १,५०० होता. पश्चिम रेल्वेचे २५,००० व्होल्टवर जाण्याचे काम २०१२मध्ये पुरे झाले.

आता खिशातला मोबाइल काढा. त्याच्या तळाशी यूएसबी टाइप-सीचे पोर्ट आहे आणि त्यामागे नखावर मावेल अशी पोर्ट कंट्रोलर चिप. अशा अनेक चिप ज्या नियमावलीने चालतात, तिच्यात व्होल्टेज मोजायची पायरी आहे २५ मिलिव्होल्टची. करा भागाकार. २५,००० भागिले ०.०२५. उत्तर येते बरोबर दहा लाख!

दहा लाख म्हणजे शंभराच्या नोटांची शंभर बंडले. डोक्यावरची तार म्हणजे तो अख्खा ढीग, आणि चिपची पायरी म्हणजे त्यातला एक रुपया.

रुपयाने समाधान होत नसेल तर रस्ता धरू. मुंबई-पुणे साधारण १५० किलोमीटर. डोक्यावरच्या तारेचे व्होल्ट म्हणजे हा सगळा रस्ता, घाट धरून. मग चिपची एक पायरी किती? १५ सेंटिमीटर! शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी. यूएसबीचे नेहमीचे ५ व्होल्ट होतात ३० मीटर. २०२१ साली यूएसबीची कमाल मर्यादा ४८ व्होल्टवर नेली, तीसुद्धा २८८ मीटर. मुंबई सोडली म्हणायलाही लाज वाटावी इतके अंतर. पण खरी गंमत त्याच्याही अलीकडे, पहिल्या आठ मीटरांत आहे.

केबल खुपसली की चार्जर एका बारीक पिनवरून किंचित प्रवाह सोडतो. फोनमधल्या ५.१ किलोओहमच्या रोधावर त्याचे व्होल्टेज उमटते आणि चिप ते तीन उंबरठ्यांशी ताडून बघते. इंजिनिअर त्यांना थ्रेशोल्ड म्हणतात, मला उंबरठाच आवडतो. ०.२ व्होल्टच्या वर गेले, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे. ०.६६च्या वर गेले, दीड अँपिअर घ्यायला हरकत नाही. १.२३ ओलांडले की तीन अँपिअर, बिनधास्त! आपल्या रस्त्यावर हे उंबरठे पडतात १ मीटर २० वर, ३ मीटर ९६ वर आणि ७ मीटर ३८ वर. मधल्या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी ठेवलेली पट्टी ०.६१ ते ०.७० व्होल्ट, म्हणजे ५४ सेंटिमीटर. एक पाऊल! पुण्याला निघालेल्या माणसाचे पहिल्या दहा पावलांतले एक पाऊल चुकायचे नाही, असा हा हिशेब. ज्याने हे आकडे बसवले त्याला माझा नमस्कार.

सांताक्रूझचे नाव या कामाला परके नाही. १९७३ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी खास वसाहत उभारली आणि तिला नाव दिले सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. तेच आपले सीप्झ. जागा अंधेरी पूर्वेची, पण पहिले अक्षर सांताक्रूझचे.

केबल उपसतानाही उंबरठा आहेच. ५ व्होल्ट उतरून ०.८च्या खाली आले पाहिजेत, तेही ६५० मिलिसेकंदांत. पोर्टाजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरा. ५ व्होल्टला त्यात साठतात सुमारे ३१२ लाख कोटी इलेक्ट्रॉन! एक इलेक्ट्रॉन म्हणजे पाण्याचा एक थेंब मानू. चार मीटर रुंद, दहा मीटर खोल अशी गोल विहीर काठोकाठ भरायला अडीचशे कोटी थेंब लागतात. म्हणजे विहिरी लागतील सव्वा लाख. महाराष्ट्रातल्या जवळपास ४४ हजार गावांत प्रत्येकी जवळजवळ तीन! आणि त्यातल्या लाखाहून जास्त विहिरी पाऊण सेकंदाच्या आत उपसायच्या.

दम घेतलात? आता लोकलमध्ये चढू. चार्जरचा तो किंचित प्रवाह, सर्वांत कमी असतो तेव्हा, ८० मायक्रोअँपिअरचा. एका सेकंदात त्यातून जातात पाच कोटी कोटी इलेक्ट्रॉन. मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून दिवसाला ७५ लाख प्रवासी नेतात असे धरा. एवढे इलेक्ट्रॉन प्रवासी म्हणून न्यायला लोकलना एकही सुट्टी न घेता १ लाख ८० हजार वर्षे धावावे लागेल. आणि हा नुसता विचारपूस करण्यापुरता प्रवाह!

खरे चार्जिंग तीन अँपिअरचे. तेवढे प्रवासी, फक्त एका सेकंदाचे, न्यायला लोकलना लागतील सुमारे ६८० कोटी वर्षे. आपल्या पृथ्वीचे वय ४५४ कोटी. पृथ्वी जन्मली त्या दिवशी चर्चगेटहून पहिली गाडी सुटली असती, तरी ते प्रवासी आज संपले नसते.

हा लोंढा आत घ्यायचा की थोपवायचा, ते ठरते तिसऱ्या उंबरठ्यावर. १.२३ व्होल्ट. पुण्याच्या वाटेवर ७ मीटर ३८ सेंटिमीटर.