डोळ्यांतील रक्तस्राव आणि ध्वनीची परीक्षा

घरांतील वृद्ध माणसाच्या एका डोळ्यापुढें एकाएकीं काळे ठिपके तरंगूं लागले, जाळें पसरल्यासारखें झालें अथवा दृष्टि घटकाभरांत अंधुक झाली, तर 'मोतीबिंदु पिकत असेल' असें म्हणून मंडळी स्वस्थ बसतात. डोळा दुखत नसतो, बहुधा लालहि नसतो. परंतु मोतीबिंदु सावकाश वाढतो. आकस्मिक अंधारीचें कारण पुष्कळदां डोळ्याच्या आंत झालेला रक्तस्राव हें असतें.

नेत्रगोलकाच्या पोकळींत काचेसारखा स्वच्छ रस असतो व त्यामागें दृष्टिपटल पसरलेलें असतें. जुन्या मधुमेहांत या पटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात व त्यांतून रक्त गळतें. कधीं पटल फाटून किंवा मार लागूनहि तें येतें. रस गढूळ झाला म्हणजे रोग्यास बाहेरचें दिसत नाहीं, तसें डॉक्टरांसहि आंतलें दिसत नाहीं. पटल जागेवर आहे कीं सुटलें आहे, हें मग कसें समजावें?

येथें प्रकाशाचें काम ध्वनि करतो. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो; या परीक्षेंत सुमारें १ कोटि कंपनांचा ध्वनि मिटल्या पापणीवरून आंत सोडतात. परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटतें. इ. स. १९५६ मध्यें अमेरिकेंत मंट व ह्यूज यांनीं ध्वनीनें नेत्रपरीक्षा केली. १९५८ मध्यें बॉम व ग्रीनवुड यांनीं डोळ्याच्या छेदाचें चित्र मिळविलें. ताजें रक्त विरळ ठिपक्यांसारखें दिसतें व डोळा फिरवितांच घुसळतें. सुटलेलें पटल ठळक रेषेसारखें, बहुधा दृष्टिनाडीच्या मुळाशीं जखडलेलें दिसतें. नुसतें रक्त असल्यास कित्येकदां थांबतां येतें. पटल सुटलें असल्यास शस्त्रक्रियेस विलंब परवडत नाहीं. मात्र जखमेनें डोळा फुटल्याची शंका असेल तर त्यावर यत्किंचितहि दाब पडतां कामा नये.

दुसरा डोळा चांगला असला म्हणजे एकाची दृष्टि गेल्याचें कित्येकांच्या ध्यानींहि येत नाहीं. आणि आलें तरी मुलांसुनांस त्रास नको म्हणून आजी-आजोबा तें बोलत नाहींत. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, वडील मंडळींस अधूनमधून एकेक डोळा झांकून पाहावयास सांगावें, आणि मधुमेह्याची नेत्रपरीक्षा दृष्टि चांगली असतांहि दरवर्षीं करवावी. एकाएकीं अंधारी आल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें.