अंगठ्याखालचं टोपण

गेमिंग कंट्रोलरवर दोन खुंट्या असतात, डावी चालण्यासाठी आणि उजवी बघण्यासाठी. त्या खुंट्यांवर चढवायची टोपणं बाजारात मिळतात. रुपयाच्या नाण्याएवढी, रबरी, काही चपटी, काही पाव इंचाने उंच, तर काही त्याहूनही उंच. ही लावली की शूटर गेममध्ये नेम सुधारतो असं ती विकणारे सांगतात. अमेरिकेतल्या अटलांटाची कंट्रोलफ्रीक ही कंपनी यासाठी सगळ्यात प्रसिद्ध. २०२१ साली स्टीलसीरीजने ती विकत घेतली, म्हणजे धंदा लहान नाही. आमच्या उज्जैनला फ्रीगंजात मोबाईलच्या सामानाच्या दुकानांत बिनानावाची सिलिकॉनची टोपणं शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. नावाजलेल्या कंपन्यांची हजाराच्या पुढे जातात. कॉलेजच्या मुलांच्या खिशाचा विचार केला तर प्रश्न अगदी साधा आहे: यात काही तथ्य आहे का?

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं विचारणाऱ्यांना एकच सांगते. मराठीत ‘नेम’ म्हणजे लक्ष्यावर रोखलेली नजर आणि ‘नेम’ म्हणजे रोज न चुकता पाळायचा नियमही. ‘नेमकं’ हा शब्दही याच घरातला. इंग्रजीत ‘एम’ म्हणणाऱ्याला ही श्रीमंती मिळत नाही. असो.

आधी खुंटी काम कशी करते ते बघू. खुंटीच्या बुडाशी दोन पोटेन्शिओमीटर काटकोनात बसवलेले असतात. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण ज्या तत्त्वावर चालतं तेच हे तत्त्व. खुंटी जितकी कलेल तितका व्होल्टेज बदलतो आणि कंट्रोलर त्याचा आकडा करून गेमला पाठवतो. सगळा घोळ इथेच सुरू होतो. माऊस चार बोटं सरकवला की नजरही ठरावीक अंतर सरकते आणि हात थांबला की थांबते. खुंटीचं तसं नाही. ती किती अंतर जायचं ते सांगत नाही, कुठल्या वेगाने जायचं ते सांगते. थोडी कलवली तर नजर हळू फिरते, जास्त कलवली तर झपाट्याने, आणि तुम्ही खुंटी मध्यावर परत आणेपर्यंत फिरतच राहते. म्हणजे नेम धरायचा तर नेमक्या क्षणी सोडायलाही जमलं पाहिजे. नवखा खेळाडू लक्ष्याच्या पुढे जातो, मग मागे येतो, मग पुन्हा पुढे. विहिरीवरचा रहाट भरधाव फिरवून बादली बरोबर काठाशी थांबवण्यासारखं आहे हे.

म्हणून कंट्रोलरच्या गेममध्ये आतून मदत केलेली असते. १९९७ च्या गोल्डनआय ००७ पासूनच नेम थोडा आपोआप लागायचा. २००१ च्या हेलोने ती मदत इतकी बेमालूम केली की खेळणाऱ्याला वाटावं, आपणच मारलं. लक्ष्याजवळ आलं की नजर फिरण्याचा वेग गेम स्वतःच कमी करतो. माऊसवाले यावरून टोमणे मारतात. मारू द्या, अंगठ्याला मनगटाशी झुंजवताय तर एवढं हवंच.

आता टोपणाचं गणित. समजा खुंटी जिथून कलते तिथपासून अंगठ्यापर्यंतची उंची २० मिलिमीटर आहे. अंगठा १ मिलिमीटर सरकला की खुंटी २.९ अंश कलते. वर १० मिलिमीटरचं टोपण लावलं की तेवढ्याच सरकण्यात ती १.९ अंशच कलते. अंगठ्याची जी बारीक थरथर असते, घाईत जो पाव-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, त्याचं नेमावर उमटणारं रूप एक तृतीयांशाने कमी होतं. सरळ तरफ आहे ही.

तुम्ही म्हणाल, मग गेमच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी केली की झालं, पैसे कशाला घालवायचे? बारीक हालचालीपुरतं ते खरंही आहे. पण सेन्सिटिव्हिटी कमी केली की पाठीमागून कुणी आलं तर वळायलाच वेळ लागतो, कारण पूर्ण कललेल्या खुंटीचा वेगही कमी झालेला असतो. टोपणाने तसं होत नाही. कमाल वेग तोच राहतो, फक्त तिथपर्यंत पोचायला अंगठ्याला जास्त लांब जावं लागतं. खुंटी २० अंश कलत असेल तर उंची २० असताना अंगठा जवळजवळ ७ मिलिमीटर जातो आणि उंची ३० असताना दहाच्या थोडा पुढे. पट्टी तीच, पण लांब केलेली, म्हणून तिच्यावर जास्त बारीक रेघा मावतात.

उज्जैनकरांना हे नवीन वाटायला नको. आपल्या वेधशाळेत हेच विटाचुन्यात बांधून ठेवलंय. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची सुभेदारी सांभाळताना ती उभारली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिथल्या सम्राट यंत्राची जिन्याची भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंश, कललेली आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर पडते. सूर्य तासाला १५ अंशच सरकतो, पण पट्टीची त्रिज्या मोठी असल्यामुळे तेवढ्याच कोनात सावली लांब चालते आणि मिनिटांच्या रेघा वेगळ्या दिसतात. जयपूरचं सम्राट यंत्र तर २७ मीटर उंच आहे आणि त्यावर २ सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. जयसिंहाची पितळी यंत्रांबद्दलची तक्रारही वाचण्यासारखी आहे: ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि हलतात. कंट्रोलर जुना झाला की खुंटी हात न लावताही एका बाजूला सरकते, ज्याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. तेही पुष्कळदा आतली पट्टी घासून झिजल्यामुळेच. तीनशे वर्षांत तक्रार तीच!

नेमबाजीतही हेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. रायफलच्या डोळ्याजवळच्या भोकात आणि पुढच्या माशीत जितकं अंतर जास्त तितकी कोनातली चूक लवकर दिसते. त्यासाठी नळीच्या टोकाला जोडनळी लावून माशी पुढे नेण्याची पद्धतही आहे. आपलं टोपण म्हणजे तिची गरीब मावसबहीण.

पण लांबवत गेलं म्हणून अचूकता वाढतच जाते असं नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाचा गोळा आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट पडते, आणि यंत्र मोठं केलं की हा पुसटपणाही मोठा होतो. टोपणाचंही तसंच. उंची वाढली की खुंटीतली स्प्रिंग हाताला हलकी लागते. वर सांगितलेल्या मापात जोर दोन तृतीयांशच लागतो, म्हणून अंगठा सहज पुढे घसरतो. शिवाय टोपण खाली नीट पकडत नसेल तर ते स्वतःच डुगडुगतं, आणि ती डुगडुग लांब दांड्यामुळे अजून जाणवते. स्वस्तातली उंच टोपणं यासाठीच घेऊ नयेत असं माझं मत आहे. स्वस्तातली चपटी खुशाल घ्या, त्यांचं काम फक्त घामाने अंगठा निसटू न देणं एवढंच.

मी आणि माझ्या धाकट्या भावाने नाताळच्या सुट्टीत तीन प्रकार करून बघितले: उघडी खुंटी, चपटं सिलिकॉन आणि वसईच्या मावसभावाने आणलेलं उंच टोपण. कॉल ऑफ ड्यूटीत बॉट्सविरुद्ध, नकाशा तोच, बंदूक तीच, आणि कुठलं टोपण आधी लावायचं ते नाणं उडवून ठरवायचं. नाणं यासाठी की खेळता खेळता हात बसतो, आणि शेवटी लावलेलं टोपण फुकट शाबासकी घेऊन जातं. उंच टोपणाने पहिले दोन दिवस माझा नेम उलट बिघडला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून लांबवरच्या लक्ष्यावर फरक कळू लागला, जवळच्या चकमकीत मात्र काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर सकाळची मी आणि रात्री जेवून झोपाळलेली मी यांच्यातला फरक दोन टोपणांतल्या फरकापेक्षा मोठा होता. यूट्यूबवर एका संध्याकाळी लावून “आयुष्य बदललं” म्हणणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

भावाचं प्रकरण वेगळं होतं. मागच्या वर्षी लेदर बॉलने त्याच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण बुडाचा सांधा पूर्ण वळत नाही. फिजिओथेरपिस्टबाईंनी अंगठा हलता ठेवायला सांगितलंय, आई मात्र कंट्रोलर कपाटात ठेवायच्या मागे. गेमसाठी नाही, त्याच्या हातासाठी घाबरते ती. उंच टोपणाला जोर कमी लागतो, तेव्हा त्याला तेच सोयीचं पडेल असा आमचा कयास होता. पाच मिनिटांत तो म्हणाला, “ताई, हे काढ. अंगठा तिथपर्यंत जातच नाही.” बरोबरच होतं. त्याच्याकडे जोर आहे, कमी पडतोय तो पल्ला, आणि टोपण नेमका पल्लाच मागतं.

मग त्याच्यासाठी उलट्या बाजूने गेलो. उंची शून्य, वरून फुगीर आणि रुंद टोपण, म्हणजे अंगठ्याचं टोक न वळवता पेर टेकवूनही खुंटी ढकलता येते. वळण्याची सेन्सिटिव्हिटी वाढवली, म्हणजे पूर्ण कलवायची गरज पडत नाही. बंदूक डोळ्याला लावल्यावरची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येते, ती बरीच खाली आणली. रिस्पॉन्स कर्व्ह लिनियर होता तो स्टँडर्ड केला, कारण त्यात मध्याजवळ नजर मंद फिरते आणि कडेला वेग घेते. डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची ती जागा जिथे खुंटी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो, तो खुंटी आपोआप सरकणार नाही इतपतच लहान ठेवला. आता तो पंधरा मिनिटं खेळतो, मग थांबून अंगठ्याचे व्यायाम करतो, मग पुन्हा पंधरा मिनिटं. आईने घड्याळ समोर ठेवलंय. परवा त्याने मला लागोपाठ तीनदा मारलं आणि ते ऐकवायला आजोळी फोनही केला.

घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या खुंट्यांची मापं वेगळी असतात, ‘सगळ्यांना बसतं’ असं लिहिलेलं शक्यतो कुणालाच नीट बसत नाही. आणि उंच टोपण उजवीकडेच लावा. डाव्या खुंटीवर धावायचं-थांबायचं असतं, तिथे लांब पल्ला म्हणजे उशीर. उंची अजिबात नको असेल तर खुंटीच्या दांड्याभोवती बसणारी स्पंजची किंवा रबराची कडी मिळते. ती कडेला जाताना प्रतिकार करते, त्यामुळे अंगठ्याला टेकायला काहीतरी असतं. माझ्या उजव्या खुंटीवर सध्या तीच आहे. उंच टोपण वसईला परत गेलं, मावसभावाला ते हवं होतं.