अंडे अडते तेव्हा

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे छोटे रंगीत पोपट पुष्कळदा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, तर बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. पिल्ले व्हावीत म्हणून हौसेने पिंजऱ्यात मडके टांगले जाते. मादी अंडी घालू लागते आणि एखाद्या सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेली दिसते. ‘थंडी बाधली असेल’, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण अनेकदा तिचा मृत्यू अंडे अडल्याने झालेला असतो, आणि तो टाळता येण्याजोगा असतो.

थोडा हिशेब करू. मादीचे वजन ३५ ग्रॅम धरू. एक अंडे सुमारे २ ग्रॅमचे. एक दिवसाआड एक, अशी ती साधारण ४ ते ६ अंडी घालते. पाच अंडी म्हणजे १० ग्रॅम. जेमतेम नऊ-दहा दिवसांत ती आपल्या वजनाच्या पाव भागाहून अधिक पदार्थ अंड्यांत घालते!

अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. अंडी घालण्यापूर्वी मादी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवते. पण हा साठा आहारातूनच भरायचा. पिंजऱ्यात आपण देतो ती बाजरी किंवा राळा. त्यांत कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त. शिवाय कॅल्शियम शोषून घ्यायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे. त्यासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते.

कॅल्शियम कमी पडले की दुहेरी संकट येते. कवच मऊ राहते, आणि अंडे बाहेर ढकलणारे स्नायूही दुबळे होतात, कारण स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियमच लागते. अशी मादी पिसे फुगवून तळाशी बसते, शेपटी वरखाली करते, जोर लावते. अंडे ओढून काढू नये. आत फुटल्यास जीव जातो. तिला ऊब द्यावी आणि लगेच पशुवैद्य गाठावा.

मग आधी काय करावे? पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या जातीच्या सागरी प्राण्याचे कवच, कायम अडकवावे. रोज हिरवा पाला द्यावा. कोवळे ऊन थेट मिळावे, पण पिंजऱ्यात सावलीचा कोपरा असावा. मडके वर्षभर टांगू नये. ऑस्ट्रेलियात पावसानंतर गवताला बी धरले की हे पक्षी वीण करतात. सुकाळ सरला की थांबतात. पिंजऱ्यात मात्र बारमाही सुगी! वर्षातून दोन विणी झाल्या की मडके काढून घ्यावे. घातलेली अंडी मध्येच उचलू नयेत. उणीव भरायला मादी आणखी घालत राहते. अंडी साधारण १८ दिवसांत उबतात. पोकळ अंड्यांवरही तिला तीन आठवडे बसू द्यावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. कोंबडीचे कच्चे अंडे आणि समुद्रफेसाचा तुकडा वेगवेगळ्या पेल्यांत व्हिनेगरमध्ये ठेवा. दोन्हींवर बुडबुडे दिसतील; तो कार्बन डायऑक्साइड. दोन्हींतला पदार्थ एकच, हे मुलांच्या लक्षात येईल. एक-दोन दिवसांनी कवच विरघळलेले अंडे अलगद हातात घेऊन दाबायला सांगा. दाबावे तिकडे ते बसते, पुढे सरकत नाही. मादीच्या शरीरात नेमके हेच घडत असते.