उंच, किडकिडीत आणि ‘निरोगी’

फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या पोकळीत हवा शिरली की फुप्फुस मिटतं. या अवस्थेला ‘न्यूमोथोरॅक्स’ हे नाव फ्रान्समध्ये इटारने दिलं, १८०३ साली. पुढे शतकभर असा रुग्ण आला की डॉक्टरांना बहुधा एकच रोग सुचे, क्षय. इटलीच्या फोर्लानिनीने तर उलटाच उपाय काढला. रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून तो सुईने मुद्दाम हवा भरू लागला, आणि स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत सॅनिटोरियममधून हे चाललं.

१९३२ मध्ये डेन्मार्कच्या केयरगार्ड यांनी दाखवलं, की अशा पुष्कळ तरुणांना क्षय नसतोच. फुप्फुसावरचा हवेचा फोड फुटलेला असतो. शोध मोलाचा, पण त्यातून थोडा आळसही आला असं मला वाटतं. ‘प्रायमरी’, म्हणजे मुळात दुसरा रोग नसलेला, असा शिक्का बसला की पुढे विचारायचं काही उरेना. उंच, किडकिडीत मुलगा, बहुतेकदा सिगारेट ओढणारा. छातीत नळी, काही दिवस वॉर्ड, मग घर.

बहुतेकांच्या बाबतीत ते पुरेसंही होतं. पण काहींच्या त्या बांध्यातच उत्तर दडलेलं असतं. पॅरिसच्या मार्फानने लांबसडक बोटांच्या मुलीची नोंद केली १८९६ मध्ये. एहलर्स आणि डानलॉस यांनी सैल सांध्यांच्या, ताणल्या जाणाऱ्या त्वचेच्या रुग्णांबद्दल लिहिलं १९०१ आणि १९०८ मध्ये. हे सगळे संयोजी ऊतकांचे आनुवंशिक विकार म्हणून १९५६ मध्ये मॅक्युसिकने एका पुस्तकात एकत्र आणले. मार्फानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात बिघडतं ते फायब्रिलिन, हे १९९१ मध्ये कळलं. डोळ्याचं भिंग धरणारे तंतू, महाधमनीची भिंत, फुप्फुसाचा लवचिकपणा, सगळीकडे तेच प्रथिन लागतं. १९७२ च्या एका अभ्यासात मार्फानच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ निघालं होतं, आणि मुख्य कारण हृदय व महाधमनी.

मार्फानच्या निदानाच्या २०१० च्या सुधारित निकषांत न्यूमोथोरॅक्सला २ गुण आहेत. ७ झाले की शरीरभरच्या खुणा पुरेशा मानतात. एहलर्स-डानलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारातही तो गौण निकष आहे.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत दिसलं, की प्रायमरी प्रकारातल्या अनेकांचं फुप्फुस नळी न घालताही आपोआप फुलतं. मग वाचलेल्या वेळात मुलाची बोटं बघावीत, टाळू बघावा, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का ते विचारावं. शंका वाटली तर टूडी इको करावा. महाधमनी रुंदावत असेल तर आज औषधं आहेत, आणि ती फाटण्याआधी करता येणारी शस्त्रक्रियाही.