विजा वाढल्या, म्हणजे टोर्नेडो येणार?
मुदखेडच्या शिवारात वैशाखात उठते ती वावटळ तापलेल्या जमिनीची, कोरड्या आभाळाखालची. टोर्नेडो उतरतो तो गडगडाटी ढगातून. अशा ढगात वर चढणाऱ्या हवेने जोर धरला की बर्फकण आणि गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो. विजांची संख्या काही मिनिटांत एकदम उसळते. या उसळीतून ढगाचा जोर कळतो, पण पुढे गारपीट होणार, वादळी वारा सुटणार की टोर्नेडो, हे कळत नाही. ढग आतून फिरतोय का, ते डॉप्लर रडारवर पाहावं लागतं. आपल्याकडे टोर्नेडो विरळाच. माणसं-जनावरं दगावतात ती विजेने. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर ठेवा. शेतात फुलांची तोडणी चालू असताना इशारा आला, तर झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.