सॅन स्टॉर्मची कागदपत्रं आत्ताच जपा!

गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची, रेनॉच्या 1149 सीसी इंजिनाची देखणी स्पोर्ट्स कार. कुणाकडे असेल तर मूळ बिल, आरसी, मॅन्युअल, सर्व्हिस बुक, ब्रोशर, जादा किल्ली, अगदी शोरूमची की-चेनसुद्धा टाकू नका. 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, फार बदल न केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, तेव्हा ही फाइल सोन्याची ठरेल.

थर्मल पावत्यांवरची अक्षरं उडतात, आजच स्कॅन करा. स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात, त्या काढा. लॅमिनेशन मात्र बिलकूल नको! रद्दीवाल्याकडे जुनी ऑटो मासिकं दिसली तर चाळाच. सॅन स्टॉर्मच्या जाहिराती कदाचित तिथेच सापडतील.