पंप मारल्यावर लागणारा ब्रेक हा ब्रेक नव्हे! दुरुस्तीनंतर ब्रेकमधली हवा घरच्या घरी अशी काढा

गळका व्हील सिलिंडर काढून नवा टाकला, लायनर बदलले, ड्रम बसवला, चाक चढवलं. काम झालं म्हणून गाडीत बसलात आणि ब्रेक दाबला, तर पेडल मऊ लागत थेट खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, थोडं वर आलं. तिसऱ्यांदा एकदम कडक. "लागतोय की ब्रेक, दोन-तीनदा पंप मारायचा एवढंच," असं म्हणून तीच गाडी बाजाराला नेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आता हिशोब बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पंप मारण्यात दोन सेकंद गेले, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी २२ मीटर पुढे. पसरणी, कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटातल्या वळणावर समोरून एसटी आली, तर हे २२ मीटर आणायचे कुठून?

हा दोष बहुतेक वेळा ब्रेकच्या पाइपात अडकलेल्या हवेचा असतो. जुन्या, साध्या ब्रेकच्या गाडीत ही हवा दोन माणसं मिळून घरी काढू शकतात. मात्र पद्धत बरोबर हवी, आणि कुठं थांबून मेकॅनिककडे जायचं हेही माहीत हवं.

हवा गेली की नेमकं काय बिघडतं?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. तो जोर पाइपातून चारही चाकांपर्यंत पोचतो आणि पॅड किंवा लायनर आवळले जातात. ऑइल दबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पुढे जातो. हवेचं तसं नाही, ती दबते.

खात्री करायची असेल तर जनावरांच्या इंजेक्शनची सुई नसलेली स्वच्छ सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलणार नाही. आता पाणी काढून नुसती हवा भरा. दट्ट्या अर्ध्यापर्यंत सहज जाईल. ब्रेकच्या पाइपात हवा असली की तुमच्या पायाचा जोर असाच हवा दाबण्यात खर्च होतो, चाकापर्यंत पुरता पोचत नाही.

हवा काढायची गरज कधी?

साधा नियम असा, की ऑइलचा रस्ता कुठंही उघडला असेल तर हवा काढावीच लागते. म्हणजे व्हील सिलिंडर, कॅलिपर, रबरी होज, लोखंडी पाइप किंवा मास्टर सिलिंडर बदलला असेल, किंवा ऑइलची डबी पूर्ण रिकामी झाली असेल तर.

नुसते पुढचे डिस्क पॅड बदलले आणि पाइप कुठं उघडला नसेल, तर सहसा गरज नसते. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, म्हणून पहिल्यांदा पेडल खाली जातं. गाडी जागेवर उभी ठेवूनच चार-पाच वेळा दाबा. पेडल वर आलं आणि वरच राहिलं तर ठीक.

पेडल कसं वागतं त्यावरून दोष ओळखता येतो:

- पेडल स्पंजासारखं मऊ, पंप मारला की वर येतं: पाइपात हवा.
- पेडल खाली जातं, पण जिथं थांबतं तिथं कडक लागतं: बहुतेक मागच्या लायनरचं सेटिंग ढिलं.
- पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली बसत जातं: कुठंतरी गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं.

या तिसऱ्या प्रकारात कितीही हवा काढली तरी उपयोग नाही. आधी दुरुस्ती, मग हवा.

हे काम घरी कुणी करू नये?

गाडीला एबीएस असेल तर जपून. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं आहे. अशा गाडीत एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला बऱ्याचदा कंपनीचं स्कॅनर मशिन लागतं. नुसत्या पान्याने ती निघत नाही.

मास्टर सिलिंडर नवा टाकला असेल तर त्याच्यातली हवा गाडीवर चढवण्याआधी वेगळी काढायची असते. तेही काम जाणकाराचं. आणि ज्याने याआधी ब्रेकला कधीच हात लावलेला नाही, त्याने पहिल्यांदा अनुभवी फिटरला सोबत घ्यावं.

सामान काय लागेल?

१. सीलबंद बाटलीतलं नवीन ब्रेक ऑइल. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घ्या. नुसती हवा काढायला अर्धा लिटर सहसा पुरतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही.
२. निपलवर बरोबर बसेल असा रिंग पाना. फिक्सने किंवा पकडीने निपलच्या कडा मोडतात.
३. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक स्वच्छ, पारदर्शक बाटली.
४. जॅक, पक्के स्टँड, चाकाला लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे.
५. स्वच्छ फडकं, बादलीभर पाणी, डोळ्याला चष्मा.
६. आणि पेडलवर बसायला एक भरवशाचा माणूस. लहान पोराला बसवू नका.

इंजिन ऑइल, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल ब्रेकच्या डबीत चुकूनही टाकू नका. ब्रेकमधली रबरं त्याने फुगतात आणि सगळी लाइन खराब होते. मागे कधी उघडून ठेवलेली अर्धी बाटलीही नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आता प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. इंजिन बंद, पहिला गिअर टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडी उचलली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात, ते वापरू नका. स्टँड लावाच, आणि काढलेलं चाकही चासीखाली सरकवून ठेवा.

बॉनेट उघडून ऑइलच्या डबीचं झाकण आधी बाहेरून पुसा, मग उघडा. मॅक्सच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. काम संपेपर्यंत ही पातळी मिनच्या खाली जाता कामा नये. डबी रिकामी झाली तर वरून पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून दर चार-पाच दाबांनंतर डबी बघायची.

निपल कुठून सुरू करायचे? साधारण रीत अशी, की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीत दिलेला क्रम असेल तर तोच पाळा.

निपलवरची रबरी टोपी काढा, माती पुसा. निपल गंजलेलं असेल तर जोर लावू नका. ते आत तुटलं तर सिलिंडर बदलायची पाळी येते. नळीचं एक टोक निपलवर चढवा. दुसरं टोक बाटलीत थोडं ब्रेक ऑइल घेऊन त्यात बुडवून ठेवा.

आता दोघांचं बोलणं महत्त्वाचं. क्रम असा:

- आतला माणूस पेडल सावकाश तीन-चारदा दाबतो, शेवटच्या वेळी दाबून धरतो आणि ओरडून सांगतो, "दाबलंय!"
- खालचा माणूस निपल पाव ते अर्धा आटा सैल करतो. नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतात. पेडल खाली जाऊ लागतं. आतल्याने पाय उचलायचा नाही, दाब तसाच ठेवायचा.
- खालचा निपल बंद करतो आणि मगच सांगतो, "सोड!"
- आतला पेडल सावकाश सोडतो. दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा पहिल्यापासून.

सगळं काम या एका शिस्तीवर उभं आहे: निपल बंद झाल्याशिवाय पेडल सुटता कामा नये. निपल उघडं असताना पाय उचलला तर ऑइल उलटं ओढलं जातं आणि निपलच्या आट्यातून हवा पुन्हा आत जाते. हवा काढता काढता हवा भरली जाते ती इथंच.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाची जाड फळी ठेवा, म्हणजे पेडल अगदी तळाला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरच्या आत नेहमी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो. रबर तिथपर्यंत गेलं तर कापलं जातं, आणि हवा काढायला गेलेल्याचा मास्टर सिलिंडर जातो.

नळीतून एकही बुडबुडा न येता स्वच्छ ऑइल येऊ लागलं की निपल नीट आवळा, टोपी बसवा आणि पुढच्या चाकाकडे जा. निपल लहान असतं, अंगाचा जोर लावून पिळू नका.

हवा निघतच नाही? मग हे बघा

चारही चाकं झाली तरी पेडल मऊच असेल, तर पुढचे कॅलिपर तपासा. हवा नेहमी वर जाते, म्हणून हवा काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला असलं पाहिजे. दुरुस्तीत डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही पंप मारला तरी तिथंच राहते.

मागच्या लायनरचं सेटिंगही बघा. दोन फेऱ्या करूनही पेडल कडक होत नसेल तर गाडी जागेवरून हलवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

रस्त्यावर नेण्याआधी परीक्षा

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात एक मिनिट दाबून धरा. जराही खाली बसता कामा नये. प्रत्येक निपलला आणि जोडाला कोरडा कागद लावून बघा, ओला झाला तर गळती आहे.

मग पेडल दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत पेडल थोडं खाली जाऊन थांबेल, ते बरोबर आहे. थेट तळाला गेलं तर नाही.

शेवटची कसोटी पंपाची. एकदा दाबून पेडल कुठं थांबतं ते बघा, मग लागोपाठ तीनदा दाबून बघा. दोन्ही वेळा पेडल साधारण एकाच उंचीवर थांबलं पाहिजे. पंप मारल्यावर वर येत असेल तर हवा अजून आहे, किंवा लायनरचं सेटिंग राहिलं आहे.

हे जमलं की मोकळ्या रानात किंवा अंगणात माणसाच्या चालीने गाडी चालवून ब्रेक मारा, हात हँडब्रेकवर ठेवा. मग ताशी २० च्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढते का तेही बघा. दुसऱ्या दिवशी डबीतली पातळी पुन्हा तपासा. कमी झाली असेल तर कुठंतरी गळतंय.

जुनं ऑइल घाटात दगा देतं

हवा पाइपात बाहेरूनच येते असं नाही. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तेच राहिलं की त्यात पाण्याचा अंश वाढतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसाळी दमट हवेत तर जास्तच. मानकानुसार नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५.

लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात, जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते. घाट चढताना ठणठणीत असलेला ब्रेक उतरताना अचानक खाली जातो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला, सगळं ऑइल बदलून घ्या. उतारावर खालचा गिअर ठेवा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. इंजिन बंद झालं की बूस्टरचा जोरही थोड्याच वेळात संपतो.

हे विसरू नका

- ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो. लायनर किंवा पॅडवर सांडलं तर ते बदला.
- डोळ्यात उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरला दाखवा.
- ब्रेक ऑइल विषारी आहे. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, पोरं पिऊ शकतात. काढलेलं ऑइल पुन्हा गाडीत घालू नका. गटारात किंवा विहिरीजवळही ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये नाव लिहून ठेवा आणि गॅरेजवर विल्हेवाटीला द्या.

पहिल्याच दाबाला पेडल कडक लागलं पाहिजे. तोपर्यंत गाडी दारात उभी राहिली, बाजार एक दिवस चुकला, तरी चालेल.